करडईचे तेल, लाल औषध आणि रुग्णाचे हृदय

(बी. ए. द्वितीय वर्ष)

रोगापेक्षा इलाज भयंकर, अशी आपल्या मराठीत एक म्हण आहे. एरवी आपण ती थट्टेने वापरतो. परंतु कर्करोगाच्या बाबतीत ती काही वेळा अक्षरशः खरी ठरते. कर्करोगाच्या पेशी नष्ट करण्यासाठी औषधे शिरेवाटे देतात, त्या उपचाराला केमोथेरपी म्हणतात. यांपैकी काही औषधे अशी आहेत की ती गाठ विरघळवतात, पण त्याच वेळी रुग्णाच्या हृदयाच्या स्नायूलाही इजा करतात. गाठ गेली, गळलेले केस पुन्हा उगवले, घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला. आणि पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्याच रुग्णाला विहिरीवरून घागर आणताना दम लागू लागला, पायांवर सूज चढली, असे घडू शकते. एका संकटातून सुटलेला माणूस दुसऱ्या संकटात सापडावा, ही मोठीच शोकांतिका होय.

अशा रुग्णाच्या हृदयाचे रक्षण वनस्पतींच्या तेलांनी करता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयाला हात का घालावा, असा प्रश्न सुज्ञ वाचकांना पडेल. त्याचे उत्तर देणे माझे कर्तव्य आहे.

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे गल्लीत कोणाच्या घरी दवाखान्याचा कागद आला की तो वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे येते. शेजारच्या एका मावशींच्या छातीतील गाठीवर उपचार चालू होते. सहापैकी चार इंजेक्शने झाली होती. बाजारात त्यांना कोणीतरी सांगितले की, ते लाल पाणी काळीज जाळते. त्यापेक्षा रोज सकाळी वाटीभर घाण्याचे तेल प्यावे, काळीज शाबूत राहते. मावशी मला म्हणाल्या, "लेकरा, तू कॉलेजात जातूस. तेल पिऊन राहिलेल्या दोन सुया टाळता येतात का, तेवढं पुस्तकात बघून सांग." मी त्यांना हा प्रश्न डॉक्टरांनाच विचारायला सांगितले. त्यांनी विचारला. डॉक्टरांनी हृदयाची तपासणी करून राहिलेली दोन्ही इंजेक्शने पूर्ण केली. मावशींचा प्रश्न सुटला. माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना. कारण असा प्रश्न विचारणारी माणसे आपल्या भागात घरोघर आहेत. विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांच्या साहाय्याने मी जे वाचले, समजून घेतले, ते येथे मांडीत आहे.

लाल औषधाची जन्मकथा

ज्याला रुग्ण 'लाल पाणी' म्हणतात, त्या औषधाचे नाव डॉक्सोरुबिसिन. ॲड्रियामायसिन या नावानेही ते ओळखले जाते. हे औषध मातीतून निघाले, हे ऐकून आश्चर्य वाटेल. १९५० च्या दशकात इटलीतील एका औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या देशाच्या आग्नेय भागात, तेराव्या शतकातील कास्तेल देल मोन्ते या किल्ल्याच्या परिसरातील माती तपासली. त्या मातीत त्यांना एक सूक्ष्म जीव सापडला. तो लाल रंगाचे एक द्रव्य तयार करीत होता आणि ते द्रव्य कर्करोगाच्या पेशींवर परिणाम करीत होते. पुढे त्याच जीवाच्या बदललेल्या वाणापासून अधिक गुणकारी द्रव्य मिळाले. जवळच्या ॲड्रियाटिक समुद्रावरून त्याचे ॲड्रियामायसिन असे नामकरण झाले. १९७४ साली अमेरिकेत त्याच्या वापरास मान्यता मिळाली.

मातीतून औषध काढण्याची ही विद्या आपल्या महाराष्ट्रालाही परकी नाही. पुण्याजवळ पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी पिंपरीच्याच मातीतील सूक्ष्म जीवापासून हामायसिन हे बुरशीनाशक औषध शोधून काढले. त्या जीवाच्या शास्त्रीय नावातही पिंपरीचे नाव गोवलेले आहे. तात्पर्य असे की, वनस्पतीचे ते निरुपद्रवी व इंजेक्शनचे ते रासायनिक, ही आपली ढोबळ विभागणी बरोबर नाही. ज्याला आपण 'केमिकल' म्हणून घाबरतो, ते लाल औषधही मुळात निसर्गाचेच अपत्य आहे.

डॉक्सोरुबिसिनने असंख्य रुग्णांना जीवदान दिले आहे. स्तनाचा कर्करोग, रक्ताचा कर्करोग, लसिका ग्रंथींचा कर्करोग, लहान मुलांच्या हाडांचा कर्करोग अशा अनेक व्याधींवर ते आजही वापरले जाते. परंतु त्याचा हृदयावरील दुष्परिणाम लवकरच लक्षात आला. १९७९ साली अमेरिकेतील सुमारे चार हजार रुग्णांच्या नोंदी तपासून डॉ. डॅनियल व्हॉन हॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हिशेब मांडला. हे औषध शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळानुसार मोजून देतात. आजवर दिलेल्या सर्व मात्रांची बेरीज दर चौरस मीटरला ४०० मिलिग्रॅम झाली, तेव्हा शंभरांत सुमारे ३ जणांचे हृदय निकामी होऊ लागले. ५५० ला ७ जणांचे. आणि ७०० ला १८ जणांचे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात तर हे आकडे अनुक्रमे ५, २६ व ४८ असे निघाले. म्हणजेच मात्रा वाढेल तसा धोका नुसता वाढत नाही, तर झेप घेतो. म्हणूनच डॉक्टर ही बेरीज वहीत लिहून ठेवतात व ठराविक मर्यादेच्या आत थांबतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हा धोका कळला तो नोंदी ठेवल्यामुळे. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील खेड्यापाड्यांतून कोणाला कोणता कर्करोग झाला, याची मोजदाद तेथे होऊ लागली. एखाद्याचा अनुभव ऐकणे निराळे आणि हजारो माणसांची मोजणी करणे निराळे. या लेखाचा सारा भर या एका फरकावर आहे.

हृदयाला इजा कशी होते?

हृदय हा अखंड राबणारा स्नायू आहे. त्याच्या पेशींमध्ये शक्ती निर्माण करणाऱ्या असंख्य बारीक भट्ट्या असतात. शास्त्रात त्यांना मायटोकॉन्ड्रिया किंवा तंतुकणिका म्हणतात. या भट्ट्यांच्या आतील पडद्यात कार्डिओलिपिन नावाचा एक विशेष मेद असतो. १९४० च्या दशकात तो प्रथम बैलाच्या हृदयातून वेगळा काढण्यात आला, म्हणून त्याला हृदयावरून हे नाव पडले. डॉक्सोरुबिसिन नेमके याच मेदाला जाऊन चिकटते. तेथे ते प्राणवायूचे अतिशय उपद्रवी कण तयार करते. पेशीतील लोह त्या आगीत तेल ओतते. मग पडद्यातील मेद बिघडू लागतो.

हे बिघडणे म्हणजे काय, ते समजण्यास आपले स्वयंपाकघर पुरेसे आहे. तेलाचा डबा उघडा राहिला की तेल खवट होते. हवेतील प्राणवायू तेलातील मेदाशी संयोग पावतो, त्याचा हा परिणाम असतो. जवळजवळ तशीच क्रिया हृदयाच्या पेशीच्या पडद्यावर घडते. पडदा खवट झाला की भट्टी थंडावते आणि पेशी मरते. यकृताच्या पेशी मेल्या तर नव्या तयार होतात. हृदयाच्या पेशी मात्र फारच थोड्या भरून निघतात. त्यामुळे झालेली हानी बव्हंशी कायमची ठरते.

आपली तेले आणि त्यांचे गुण

आता तेलांकडे वळू. मराठवाडा हा एकेकाळी करडई, जवस, तीळ आणि भुईमूग यांचा मुलूख होता. पावसाळा सरता सरता काळ्या रानातील ओलीवर करडई पेरायची, कोवळेपणी तिची भाजी खायची, पुढे काट्यांमुळे जनावरे आत शिरत नाहीत म्हणून पिकाच्या कडेनेही तिच्या ओळी घ्यायच्या आणि शेवटी बी घाण्यावर न्यायचे, ही जुन्या माणसांच्या अंगवळणी पडलेली रीत होती. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी कुसुम' हा करडईचा वाण दिला. पुढे सोयाबीन आले आणि नांदेड-लातूर भागातील करडईचे रान आक्रसत गेले. आता लाकडी घाण्याच्या तेलाची दुकाने पुन्हा दिसू लागली आहेत व त्यांबरोबर तेलाच्या औषधी गुणांच्या कथाही.

या कथा पूर्णपणे निराधार नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सामान्य करडईच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश भाग लिनोलिक आम्ल असते. हे आम्ल आपले शरीर तयार करू शकत नाही. ते अन्नातूनच मिळवावे लागते. आणि विशेष म्हणजे, हृदयातील ज्या कार्डिओलिपिनचा वर उल्लेख केला, ते मुख्यतः याच लिनोलिक आम्लाचे बनलेले असते. करडईच्या तेलात ई जीवनसत्त्वही भरपूर असते आणि हे जीवनसत्त्व मेदाचे खवट होणे रोखते. तिळाच्या तेलात सेसामिन व सेसामोल ही द्रव्ये असतात. त्यांमुळे ते तेल जास्त दिवस टिकते. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग अल्फा लिनोलेनिक आम्ल असते. माशांच्या तेलात ज्या ओमेगा-३ कुळातील आम्ले असतात, त्याच कुळातील हे आम्ल होय.

यावरून मनात सहज एक साखळी तयार होते. औषध हृदयातील मेद खवट करते. तेलातील द्रव्ये खवटपणा रोखतात. म्हणून तेल प्यावे, हृदय वाचेल. साखळी मोठी सुंदर आहे. पण तिच्यात एक कच्चा दुवा लगेच दिसतो. ज्या लिनोलिक आम्लामुळे करडईचे तेल मोलाचे, ते आम्ल स्वतःच लवकर खवट होते. जवसाचे तेल तर याहून लवकर बिघडते. म्हणूनच ते लाकडाला लावले की हवेवर वाळून त्याचा घट्ट थर तयार होतो. एकाच तेलात रक्षण करणारेही आहे आणि जळणारेही आहे. शरीरात गेल्यावर कोणाचे पारडे जड होईल, हे नुसत्या तर्काने सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोग हवा.

उंदरांनी काय सांगितले?

असे प्रयोग पुष्कळ झाले आहेत. डॉक्सोरुबिसिन दिलेल्या उंदरांना तिळाचे तेल दिले, तेव्हा त्यांच्या हृदयाची इजा कमी दिसली. कलौंजीच्या बियांच्या तेलातील थायमोक्विनोन या द्रव्याचाही असाच गुण आढळला. ऑलिव्हमधील द्रव्यांवर प्रयोग झाले. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात उंदरांना जवसाचा आहार देऊन पाहण्यात आला आणि तेथेही हृदयाला काही संरक्षण मिळाल्याचे दिसले. ज्यांना या वार्ता अर्धवट कळतात, ते बाजारात सांगत फिरतात की तेलाने हृदय वाचते, हे सिद्ध झाले आहे.

उंदरांवरील प्रयोगांना तुच्छ लेखण्याचे कारण नाही. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांवरच स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. तेथे पेशी वाढविण्याची देशातील पहिली प्रयोगशाळा त्यांनी उभारली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. उंदराशिवाय कर्करोगाचे शास्त्र पुढे सरकलेच नसते. पण उंदीर हे पहिले पाऊल आहे, मुक्काम नव्हे.

तेलाच्या प्रयोगांतील उंदीर बहुधा तरुण व धट्टाकट्टा असतो. पुष्कळदा त्याला कर्करोग नसतोच. केवळ औषध टोचून त्याचे हृदय बिघडविलेले असते. त्याला तेल आधीपासून दिलेले असते. काही आठवड्यांत प्रयोग संपतो. याउलट आपला रुग्ण पन्नाशीचा, रक्तदाब वा मधुमेह असलेला, अशक्त असतो. त्याला औषध महिनोन् महिने मिळते व त्याच्या हृदयाचे दुखणे कधी कधी वर्षांनी बाहेर येते. सर्वांत मोठा प्रश्न असा की, ज्या उंदराला गाठच नव्हती, तो उंदीर आपल्याला हे सांगू शकत नाही की तेलाने हृदयाबरोबर गाठीचेही रक्षण केले काय.

मात्रेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. समजा, एखाद्या प्रयोगात उंदराला त्याच्या वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिलिटर तेल दिले. सरळ त्रैराशिक मांडले तर ५० किलो वजनाच्या बाईला रोज २५० मिलिलिटर, म्हणजे पाव लिटर तेल प्यावे लागेल! शास्त्रज्ञ असे त्रैराशिक मांडत नाहीत. लहान प्राण्यांच्या शरीराचे व्यवहार वेगाने चालतात, म्हणून प्रयोगशाळेतील मोठ्या उंदराची मात्रा सुमारे सहाने भागतात. तसे केले तरी रोजचे ४० मिलिलिटर होतात, आणि तेही भाजी-फोडणीच्या तेलाशिवाय. केमोथेरपीने आधीच मळमळणाऱ्या रुग्णाच्या पोटावर हा केवढा भार!

माणसावर परीक्षा झाली तेव्हा

या विषयातील सर्वांत बोधप्रद कथा ई जीवनसत्त्वाची आहे. १९७७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील डॉ. चार्ल्स मायर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना आधी ई जीवनसत्त्व देऊन मग ॲड्रियामायसिन दिले, तर त्यांच्या हृदयाची इजा कमी झाली. शिवाय कर्करोगावरील औषधाचा परिणामही घटला नाही. या प्रयोगात उंदरांना कर्करोग होता, म्हणून तो इतरांपेक्षा अधिक भक्कम होता. साहजिकच सर्वत्र आशा पल्लवित झाल्या.

मग तेच जीवनसत्त्व रुग्णांना देऊन पाहण्यात आले. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांना ते ग्रॅमच्या हिशेबात, म्हणजे अतिशय मोठ्या प्रमाणात देण्यात आले होते. तरीही त्यांच्या हृदयाची इजा टळली नाही. उंदराने 'हो' म्हटले आणि माणसाने 'नाही'. १०० ग्रॅम करडईच्या तेलात ई जीवनसत्त्व सुमारे ३४ मिलिग्रॅम असते. त्यातून १ ग्रॅम जीवनसत्त्व मिळवायचे तर जवळपास ३ किलो तेल लागेल. जेथे शुद्ध जीवनसत्त्वाची एवढी मोठी मात्रा निरुपयोगी ठरली, तेथे सकाळच्या वाटीभर तेलाकडून कोणती अपेक्षा करावी?

दुसरी कथा प्रत्यक्ष करडईच्या तेलाची आहे. तिचा केमोथेरपीशी संबंध नाही, पण हृदयाशी आहे. १९६६ ते १९७३ या काळात ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात हृदयविकार होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर एक अभ्यास झाला. एका गटाने आहारातील लोणी-चरबी कमी करून त्याऐवजी करडईचे तेल व त्यापासून केलेले कृत्रिम लोणी खावे, असे ठरले. दुसरा गट पूर्वीसारखाच राहिला. पहिल्या गटाचे कोलेस्टेरॉल खाली आले. जुन्या नोंदी पुन्हा मिळवून त्यांचा संपूर्ण हिशेब २०१३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा असे दिसले की करडईच्या गटात १७.६ टक्के माणसे दगावली, तर दुसऱ्या गटात ११.८ टक्के. यावरून करडईचे तेल विषारी आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. अभ्यास लहान होता, त्यातील कृत्रिम लोण्यात इतर अपायकारक मेद असण्याचा संभव होता आणि नंतरच्या इतर अनेक अभ्यासांत असे असंतृप्त मेद हृदयाला हितकर आढळले आहेत. पण जे कागदावर हृदयाला चांगले दिसते, ते माणसाच्या आयुष्यात तसे उतरेलच असे नाही, एवढा धडा यातून निश्चित मिळतो.

कोणते कवच खरे ठरले?

मग हृदयाच्या रक्षणाचा काहीच उपाय नाही काय? आहे. डेक्सराझोक्सेन या नावाचे एक औषध आहे. डॉक्सोरुबिसिन देण्याच्या थोडे आधी ते शिरेवाटे देतात. १९९५ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. उंदरांवर, कुत्र्यांवर आणि शेवटी माणसांवर, अशा सर्व पायऱ्या ते चढले. सुरुवातीस असा समज होता की, हे औषध पेशीतील लोह बांधून ठेवते व त्यामुळे खवटपणा थांबतो. परंतु २०१२ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी उंदरांवर दाखविले की, इजेचे एक मूळ वेगळेच आहे. हृदयाच्या पेशीत टोपोआयसोमरेज-२ बीटा नावाचे एक प्रथिन असते. डॉक्सोरुबिसिन त्याला पकडते आणि पेशीच्या गुणसूत्रांतील धागे तुटतात. ज्या उंदरांच्या हृदयात हे प्रथिनच नव्हते, त्यांच्या हृदयाला औषधाने फारशी इजा केली नाही. डेक्सराझोक्सेन या प्रथिनावरच काम करते, असे आता मानले जाते.

या शोधाने ई जीवनसत्त्वाच्या अपयशावरही प्रकाश पडतो. खवटपणा हा बहुधा धूर होता. आग दुसरीकडे लागलेली होती. धूर हाताने वारून आग विझत नाही. अर्थात डेक्सराझोक्सेन हेही सरसकट सर्वांना देण्याचे औषध नाही. ज्यांना लाल औषधाची मोठी मात्रा द्यावी लागते, अशा निवडक रुग्णांसाठी डॉक्टर त्याचा विचार करतात. त्याखेरीज मात्रेची बेरीज मर्यादेत ठेवणे, उपचारापूर्वी व नंतर हृदयाची इको तपासणी करणे, रक्तदाब व साखर काबूत ठेवणे, तंबाखू-विडी सोडणे आणि झेपेल तेवढे चालणे, हे साधे उपाय आहेत. त्यांत चमत्कार नाही. पण विश्वास ठेवण्याजोगे आहे ते हेच.

मग तेलाचे काय करावे?

माझे मत असे की, तेल ताटात असू द्यावे. ते सलाईनच्या जागी नेऊ नये. रुग्णाने जवसाची चटणी खाल्ली, करडईच्या तेलाची फोडणी दिलेली भाजी खाल्ली, संक्रांतीला तिळाचा लाडू खाल्ला, तर त्यात वावगे काही नाही. आजारात अंगाला अन्न लागणे महत्त्वाचे असते व परिचित चवीने दोन घास जास्त जातात. परंतु औषध म्हणून तेलाच्या वाट्या पिणे, तेलापासून काढलेल्या द्रव्यांच्या गोळ्या परस्पर घेणे किंवा तेलावर भिस्त ठेवून इंजेक्शनची तारीख चुकविणे, या तिन्ही गोष्टी टाळल्या पाहिजेत.

याला एक गंभीर कारण आहे. जे द्रव्य हृदयाच्या पेशीचे रक्षण करते, ते कर्करोगाच्या पेशीचे करणार नाही, याची हमी कोण देणार? २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्तनाच्या कर्करोगावर केमोथेरपी चालू असताना ई जीवनसत्त्वासारख्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये रोग उलटण्याचे प्रमाण अधिक असण्याचा कल दिसला. ती गोष्ट पक्की सिद्ध झाली असे म्हणता येणार नाही. पण सावध होण्यास तेवढे पुरे आहे. गाठही गेली नाही आणि हृदयही वाचले नाही, तर 'तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले' अशी गत व्हायची.

आपल्या धर्माबादहून रुग्ण नांदेडला जातात, बार्शीला जातात, कोणी सीमा ओलांडून निजामाबाद-हैदराबादची वाट धरतात, कोणी मुंबईला टाटा रुग्णालय गाठतात. १९४१ साली सुरू झालेल्या त्या रुग्णालयाचे नाव आज आपल्या खेड्यापाड्यांतही माहीत आहे. परंतु एवढ्या दूर गेलेला माणूस डॉक्टरांपुढे उभा राहिला की बोलत नाही. घरी काय खातो, कोणता काढा घेतो, कोणते तेल पितो, हे सांगायला त्याला संकोच वाटतो. रागावतील अशी भीती वाटते. खरा धोका या गप्प राहण्यात आहे. म्हणून रुग्णाबरोबर जाणाऱ्या शिकल्या-सवरल्या मुलाने वा मुलीने तीन गोष्टी आवर्जून कराव्यात. घरी चालू असलेल्या प्रत्येक तेलाचे, काढ्याचे व गोळीचे नाव चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांना दाखवावे. आजवर लाल औषधाची एकूण किती मात्रा झाली, हे विचारून फाइलमध्ये लिहून घ्यावे. आणि दम लागणे, पायांना सूज येणे, रात्री आडवे पडल्यावर गुदमरणे, यांपैकी काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता तसे कळवावे. हे करायला विज्ञानाची पदवी लागत नाही. अक्षरओळख आणि थोडे धैर्य पुरे आहे.

समारोप

वनस्पतींची तेले आणि हृदय यांचा संबंध असत्य नाही. तो अपुरा आहे. उंदरापर्यंतची वाट चालून झाली आहे. माणसापर्यंतची वाट ई जीवनसत्त्वाच्या बाबतीत अडली आणि तिळ-जवसाच्या बाबतीत पुरेशी चाललेलीच नाही. उद्या एखाद्या तेलातील द्रव्य रीतसर परीक्षांतून पार पडले, तर ते आनंदाने स्वीकारावे. मातीतून औषध निघते, तर बियांतून का निघू नये? ज्या मराठवाड्याने पिढ्यान्‌पिढ्या करडई पिकविली, त्याच मराठवाड्यातील एखादा विद्यार्थी वा विद्यार्थिनी हे काम हाती घेईल, अशी आशा करायला काय हरकत आहे? मात्र तो दिवस येईपर्यंत 'उंदराला लागू पडले' आणि 'माणसाला लागू पडले' या दोन वाक्यांमधील अंतर आपण विसरता कामा नये.

'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' हा शहाणपणा संसाराच्या बहुतेक गोष्टींत चालतो. औषधाच्या बाबतीत त्यात थोडी दुरुस्ती करावी लागेल. ऐकावे जनाचे, विचारावे डॉक्टरांना, आणि मग जे ठरेल ते शेवटच्या सुईपर्यंत नेटाने पुरे करावे.